रात्रीचे दंतघर्षण : जंतांच्या आधी श्वास विचारा

झोपेत दात खाणारे मूल चिकित्सालयात आले की बहुधा आजीने निदान आधीच केलेले असते : जंत. आम्ही वैद्यही लगेच विडंगाकडे वळतो. मुलाचे तोंड रात्री उघडे राहते काय, टॉन्सिल वाढले आहेत काय, हे पाहणे राहून जाते. प्रौढांत तर ही घाई अधिकच घातक.

निद्रेत जबड्याचे स्नायू तालबद्ध आकुंचन पावतात, ते बहुधा मेंदूच्या ३ ते १५ सेकंदांच्या क्षणिक जागृतीसमवेत. श्वास १० सेकंद वा अधिक अडला की पुष्कळदा तशीच जागृती घडते. अर्थात, श्वासावरोध हेच दंतघर्षणाचे कारण, असे अद्याप सिद्ध नाही. तथापि डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांच्या २००४ च्या मुंबईतील अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांत निद्रेतील श्वासविकार आढळला, हे विसरता येत नाही.

चरकांनी कफावृत प्राणाच्या लक्षणांत श्वासोच्छ्वासाचा अवरोध सांगितला आहे. स्थूल, घोरणाऱ्या रुग्णात आम्हांस हाच विचार ग्राह्य वाटतो. तेथे निव्वळ वात समजून केलेले बृंहण कफमेदच वाढवील. दंतवैद्यांची वरच्या दातांवरील पट्टीही श्वासावरोधाच्या काही रुग्णांत त्रास वाढविते, असे एका लहान अभ्यासात दिसले.

म्हणून शेजारी झोपणाऱ्यास विचारावे : घोरणे मध्येच थांबते काय? नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात ते ऐकूही येत नाही, तेव्हा हिवाळ्यातील आठवण विचारावी. जोडीला दिवसा पेंग, सकाळी शिरोगौरव, वाढलेला रक्तदाब असेल तर प्रथम निद्रापरीक्षणास पाठवावे.