घर, काम आणि घरकाम

खुलताबादला शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. तिच्यावर घुमट नाही, छप्परही नाही. भोवतीची संगमरवरी जाळी तेवढी विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत बसविलेली आहे. या बादशहाच्या नावाने प्रसिद्ध असलेले एक मृत्युपत्र जदुनाथ सरकार यांनी इंग्रजीत आणले. आपण स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या किमतीपैकी ४ रुपये २ आणे महालदाराजवळ शिल्लक आहेत, ते कफनासाठी खर्च करावेत. आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये मृत्यूच्या दिवशी फकिरांना वाटून टाकावेत, अशी इच्छा त्यात व्यक्त झाली आहे. हे मृत्युपत्र अक्षरशः त्याचे असेल किंवा नसेल. त्याच्या राजनीतीचा आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येचा निवाडा महाराष्ट्राने केव्हाच केलेला आहे आणि दोन हिशेबी वाक्यांनी तो बदलण्याचे कारण नाही. येथे लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीकडे. आपल्या दालनात बसून नगावर काम करणाऱ्या माणसाची ही मजुरी आहे, आणि टोप्यांचे पैसे कोणते, नकलांचे कोणते, याचा हिशेब शेवटपर्यंत वेगळा राहिला आहे. घरी बसून काम करणाऱ्या सामान्य माणसाला नेमकी हीच वेगळी मांडणी जमत नाही. बादशहाला ती जमावी यात नवल नाही. दूध उतू गेले म्हणून त्याला सुई खाली ठेवून उठावे लागत नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि शहरांतील सुशिक्षित नोकरदार वर्ग एका रात्रीत घरबशा झाला, तेव्हा आपल्यावर काही अपूर्व प्रसंग ओढवला आहे असा या वर्गाचा समज झाला. घरून काम करूनही कार्यक्षम कसे राहावे, याविषयीच्या उपदेशाला तेव्हापासून जो पूर आला आहे, तो अद्याप ओसरलेला नाही. पहाटे उठावे, आंघोळ करून बाहेर जाण्याचे कपडे घालावेत, कामाचे टेबल निराळे ठेवावे, घरच्यांना कामाच्या वेळा समजावून सांगाव्यात, असा या उपदेशाचा एकंदर मासला असतो. त्यातले काहीच चुकीचे नाही. मात्र हा उपदेश ज्या गृहस्थाला उद्देशून केलेला असतो, त्याच्या घरात एक खोली जास्तीची असते आणि त्या खोलीच्या दाराशी चहा आणून ठेवणारे कोणी तरी असते, हे उपदेशकाने गृहीतच धरलेले असते.

वस्तुतः कामासाठी घराबाहेर जाणे हीच आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे. दौलताबादहून खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव लागते. हातकागद करणाऱ्यांची ही वस्ती, आणि गावाचे नावच त्या धंद्यावरून पडलेले. लगदा हौदात कालवायचा, साच्यावर पातळ थर उचलून घ्यायचा, वाळवायचा, घोटून गुळगुळीत करायचा, हा उद्योग येथे पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबाच्या आधाराने चालला. पैठणच्या आणि येवल्याच्या विणकराची गोष्ट याहून वेगळी नाही. माग घरातच, एकाने विणायचे, दुसऱ्याने कांड्या भरायच्या, आणि महिनोन्‌महिने एकाच पैठणीवर घराचे लक्ष एकवटायचे. मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि मग भोंगा वाजू लागला. भोंग्याने माणसाला घरातून बाहेर खेचले, हे खरे. पण त्याच भोंग्याने त्याला संध्याकाळी सोडूनही दिले. कामाचा तास आणि घरचा तास यांच्यामधली रेघ कारखान्याने आखली, आणि पुढे कामगार चळवळीने ती आठ तासांवर आणून पक्की केली. आज घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत पुसली गेली आहे ती हीच रेघ.

येथे विणकर आणि आजचा संगणक-नोकर यांच्यातील एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. जुना हातमाग जमिनीत खड्डा करून रोवलेला असे. तो उचलून अंथरुणाशी नेता येत नसे. रेशमाच्या छटांची पारख दिवसाच्या उजेडातच नीट होते. त्यामुळे दिवस मावळला की कामालाही उतार लागे. साधनाच्या आणि सूर्याच्या अंगीच एक मर्यादा होती. मांडीवरच्या संगणकाला ती मर्यादा नाही. तो जेवणाच्या ताटाशेजारी बसतो, उशाशी निजतो, आणि रात्री अकरा वाजता आलेल्या निरोपाला उत्तर न देणे हा गुन्हा नसला तरी गैरहजेरी नक्की ठरते. ॲल्विन टॉफ्लर याने १९८० साली ‘द थर्ड वेव्ह’ या ग्रंथात विजेच्या तारांनी जगाशी जोडलेल्या झोपडीचे चित्र रंगविले होते. उद्योग पुन्हा घरी परतेल आणि कुटुंब त्याभोवती एकत्र येईल, असे त्याचे भाकीत होते. उद्योग घरी परतला. कुटुंब एकत्र आले की दाटीवाटीत सापडले, हे ज्याच्या त्याच्या घराच्या क्षेत्रफळावर ठरले.

घरी काम अधिक होते की कमी, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांविरुद्ध जातात. चीनमधील सीट्रिप या प्रवास-कंपनीत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीस नऊ महिन्यांचा प्रयोग केला. घरून काम करण्यास राजी असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम होती त्यांना घरी पाठविले, विषम तारखेचे कचेरीत राहिले. घरी गेलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. हा निष्कर्ष जगभर मिरविला गेला. याउलट चेन्नईत माहिती नोंदविण्याचे काम करणाऱ्यांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा घरी नेमलेल्यांचे काम कचेरीतल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरले. त्यातही ज्यांना घरीच काम हवे होते, त्यांचीच घट अधिक होती.

या दोन निकालांवरून चिनी माणूस उद्योगी आणि भारतीय आळशी, असा तर्क करणारे भेटतील. तो तर्क उथळ आहे. दोन्हीकडची कामे वेगळी होती आणि माणसेही; परंतु चिनी प्रयोगात एक अट होती, तिचा उल्लेख फारसा होत नाही. त्यात भाग घेणाऱ्याच्या घरी कामासाठी स्वतंत्र खोली असणे आवश्यक होते. शिवाय वाढलेल्या १३ टक्क्यांतला मोठा वाटा, म्हणजे ९ टक्के, अधिक वेगाने काम केल्याचा नव्हता. मधल्या सुट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे माणसे अधिक मिनिटे कामाला बसली, याचा होता. आणि एवढे करूनही प्रयोग संपल्यावर कित्येकांनी एकटेपणाला कंटाळून पुन्हा कचेरीची वाट धरली, हेही त्याच अहवालात नमूद आहे. चेन्नईच्या निष्कर्षाकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. घरी काम मागणारा माणूस बहुधा घरच्या जबाबदाऱ्यांनी जखडलेला असतो, म्हणूनच तो ते मागतो.

ही जबाबदारी कोणाकडे असते, ते सांगायला प्रयोगाची गरज नाही. तरी आकडे उपलब्ध आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जात असल्याचे आढळले; असे काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. मधल्या काळात टाळेबंदी येऊन गेली, लक्षावधी पुरुषांनी आपले घर भरदिवसा प्रथमच पाहिले. तरी दोहोंमधील अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आले. एका मिनिटाची ही प्रगती!

स्त्रियांच्या दृष्टीने घरून काम ही २०२० ची नवलाई नव्हतीच. सोलापुरात हजारो स्त्रिया पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणून विड्या वळत आल्या आहेत. हजार विड्यांमागे मजुरी, आणि तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसान वळणारणीच्या माथी. तिच्या घराचे भाडे, तिथला उजेड, कात्री धरून अवघडलेली पाठ आणि तंबाखूच्या वासात वाढणारी मुले यांची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. मालकाच्या दृष्टीने कारखान्याची इमारत वाचली. कचेरीचे भाडे, वीज आणि वातानुकूलन यांचा खर्च वाचल्याचा आनंद ज्या आधुनिक कंपन्यांना २०२० नंतर झाला, त्यांना या विडी-कारखानदारांच्या अकलेची दाद द्यावी लागेल.

या व्यवस्थेतही काही निराळे घडविता येते, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. सकाळी केंद्रातून मळलेले पीठ न्यायचे, घरी लाटायचे, वाळवून परत आणून द्यायचे. येथेही मजुरी वजनावरच आहे. फरक असा, की लाटणारी बहीण संस्थेची सभासद आणि मालकही असते. आणि जिच्या घरात पापड लाटण्या-वाळवण्याजोगी स्वच्छ जागा नाही, तिला केंद्रातच पीठ मळण्यासारखे दुसरे काम मिळू शकते. जागेचा प्रश्न स्त्रीच्या वैयक्तिक शिस्तीवर न टाकता संस्थेने तो आपला मानला, ही गोष्ट व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

कायद्याने मात्र हे उशिरा आणि अर्धेमुर्धेच ओळखले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या मजुराला कामगार मानले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने गृहकामाविषयीचा १७७ वा ठराव १९९६ साली संमत केला. त्याला भारताची मान्यता अद्याप नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या आहे. मालकाच्या जागेखेरीज स्वतःच्या घरी अथवा पसंतीच्या जागी, मोबदला घेऊन, मालकासाठी वस्तू किंवा सेवा निर्माण करणारा तो, मग साधने मालकाने पुरविलेली असोत वा नसोत. ही व्याख्या शब्दशः वाचली तर सोलापूरची विडी वळणारी आणि पुण्याच्या कंपनीसाठी आपल्या गावी बसून आज्ञावली लिहिणारा अभियंता एकाच पंगतीला येऊन बसतात. अभियंत्याला ते रुचणार नाही. परंतु रात्रीच्या निरोपांचा मोबदला, विजेचे बिल आणि खुर्चीने दुखावलेली कंबर हे प्रश्न त्याने मांडायचे ठरविले, तर ते त्याच्या आधी कोणी मांडले होते, याचा शोध त्याला सोलापूरच्या वस्त्यांतूनच घ्यावा लागेल.

खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी घरून कामाची ही संधी मोलाची आहे, यात शंका नाही. पंचविशीतल्या मुलाला पुण्याच्या भाड्याच्या खोलीत राहावे लागत नाही. लग्न होऊन आलेल्या पदवीधर सुनेला नोकरी सोडावी लागत नाही. पण वीज गेली की काम थांबते, आणि सून घरात दिसते म्हणून पाहुण्यांचा चहा तिच्याकडेच जातो. संगणकासमोर बसलेली बाई ही काम करीत आहे, असे सासूच्या नजरेला वाटायला अजून बराच काळ जावा लागेल. मुलगा तसाच बसला तर मात्र ‘साहेब कामात आहेत’ म्हणून घर कुजबुजत बोलते. लहानमोठ्या गावांतून स्पर्धा-परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका निघाल्या आहेत. वीस खुर्च्या, भरवशाची वीज, इंटरनेटची जोडणी आणि स्त्रियांना निःशंकपणे जाता येईल असे स्वच्छतागृह, एवढे असलेली एखादी खोली त्याच धर्तीवर नगरपरिषदांना उभारता येण्याजोगी आहे. तिचे भाडे कंपन्यांकडून वसूल करावे. कचेरीच्या भाड्यात त्यांची जी बचत झाली आहे, तिच्यापुढे ही रक्कम किरकोळ ठरेल.