अरुंदपणाच्या टक्क्यांपलीकडे (लेखांक ६)

मानेतल्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर, म्हणजे प्लाक, कसा साचतो ते गेल्या आठवड्यात पाहिले. सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती आला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष एकाच आकड्यावर खिळते : धमनी किती टक्के अरुंद झाली? हा आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. अमेरिकेत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अकास' चाचणीत धमनी ६० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद, पण लक्षण एकही नाही, असे रुग्ण होते. निव्वळ औषधोपचारावर त्यांचा त्याच बाजूच्या पक्षाघाताचा पाच वर्षांतला धोका ११ टक्के निघाला. उलट, १९९८ च्या 'नॅसेट' अहवालात ५० ते ६९ टक्केच अरुंद धमनीचे, पण लक्षणे दिसून गेलेले रुग्ण होते आणि शस्त्रक्रियेविना त्यांचा धोका २२ टक्के होता. धमनी कमी अरुंद, धोका मात्र दुप्पट. हा फरक धमनी किती अरुंद आहे यावरून समजणार नाही. प्लाकच्या आतच पाहावे लागेल.

प्लाक आणि वाहते रक्त यांच्यामध्ये तंतुमय आवरणाचा बांध असतो. स्नायुपेशी कोलॅजेन तयार करून तो भक्कम ठेवतात, तर आत शिरलेल्या भक्षक पेशी एमएमपी-९ सारखी विकरे सोडून तो पोखरतात. दोन्ही पेशींतली जनुके तीच. कोणत्या जनुकावरून किती आरएनए उतरवला जातो, म्हणजेच जनुकांची अभिव्यक्ती, यात त्यांचे वेगळेपण आहे. शस्त्रक्रियेत काढलेले प्लाक स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये वर्षानुवर्षे जपले गेले. अशा नमुन्यांच्या अभ्यासातून दिसते ते असे : अस्थिर, म्हणजे आवरण फाटू पाहणाऱ्या किंवा फाटलेल्या, प्लाकमध्ये दाहाची आणि कोलॅजेन तोडणारी जनुके जोरात, स्नायुपेशींची जनुके मंद.

इथे रास्त आक्षेप असा की हे ऊतक झटक्यानंतर काढलेले असते. आवरण फाटल्यामुळेच दाह वाढला नसेल कशावरून? या नमुन्यांपुरता हा आक्षेप मी मान्य करतो. पण आणखी पुरावा आहे. २०१२ मध्ये एचडीएसी-९ या जनुकाजवळचा एक फरक मोठ्या धमन्यांच्या विकारातून होणाऱ्या पक्षाघाताशी जोडला गेला. हा फरक जन्मतःच ठरतो, त्यामुळे तो झटक्याचा परिणाम असूच शकत नाही. हे जनुक निकामी केलेल्या उंदरांत प्लाकही कमी साचला. दुसरा पुरावा औषधाचा. २००१ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेआधी तीन महिने प्रवास्टॅटिन दिलेल्यांच्या प्लाकमध्ये भक्षक पेशी कमी आणि कोलॅजेन जास्त आढळले. रुग्ण जेमतेम दोन डझन होते, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पण आतला तोल औषधाने हलू शकतो, एवढे त्यातून दिसते. संपूर्ण ऊतक एकत्र वाटून मोजले, तर स्नायुपेशींची जनुके मंदावली की स्नायुपेशीच घटल्या, हे कळत नाही, हा आक्षेपही खरा. एकेक पेशी वेगळी करून तिचा आरएनए वाचण्याचे तंत्र आता याच प्लाकवर वापरले जाऊ लागले आहे.

अडचण एवढीच की प्लाक बाहेर काढल्याशिवाय ही अभिव्यक्ती मोजता येत नाही. तोवर आत काय चालले आहे याची सर्वांत ठळक खूण म्हणजे लक्षणे : एका डोळ्यापुढे काही मिनिटे अंधारी येणे, एका बाजूच्या हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे. त्रास दहा मिनिटांत गेला म्हणून घरी थांबू नये. पुढच्या पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो, आणि योग्य रुग्णाला शस्त्रक्रियेचा फायदाही पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वांत जास्त मिळतो.