सकाळची हजेरी

माझे वडील मिरजगावात गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. लग्न असो, सप्ताह असो, जत्रेतला तमाशा असो, जिथं रात्र जागवायची तिथं आमच्या बत्त्या. माझ्याकडं पंप मारायचं काम. आधी स्पिरिटनं बत्ती तापवायची, मग रॉकेलला हवा द्यायची. जाळी पांढरीशुभ्र पेटली की बत्ती बोर्डावर टांगायची. तमाशावाले रंगमंचाला बोर्डच म्हणतात. हवा कमी झाली की उजेड पिवळा पडे आणि मी वाकून बोर्डाच्या कडेनं धावे. म्हणून मी तमाशा पाहिला तो बाजूनं. समोर बसलेल्यांना जे दिसत नसे, ते मला दिसायचं.

दिवस मावळताना फडाची, म्हणजे तमाशाच्या मंडळीची गाडी यायची. हलगीवाला पाचटाचा जाळ करून हलगी शेकत बसे. चामडं तापून ताणलं की आवाज कडक निघतो. सोंगाड्या मात्र आमच्या वडिलांजवळ येऊन बसायचा. यंदा पाऊस किती पडला, सोसायटीत कोण निवडून आलं, कुणाच्या विहिरीवरून भांडण पेटलंय, सगळं विचारून घ्यायचा. रात्री तेच बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जबाबात यायचं आणि गाव हसून लोटपोट व्हायचं. त्याला आपलं सगळं कसं ठाऊक, याचं लोकांना नवल वाटे. मला वाटत नसे, पण त्याच्या बुद्धीपुढं मी थक्क व्हायचो.

तमाशा म्हणजे नुसती लावणी, असा समज सिनेमानं करून दिला. खरा ढोलकीफडाचा तमाशा ही रात्रभराची, ठरलेल्या क्रमानं चढत जाणारी रचना. आरंभी गणपतीला आळवणारा गण. डफ, तुणतुणं, झांज आणि मागं सूर ओढून धरणारे झीलकरी. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात आणि मावशी त्यांच्याशी भांडते. ही मावशी पुरुषच असे. त्यानंतर लावण्या, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे राजाची, दरोडेखोराची नाहीतर गावच्या सावकाराची गोष्ट. पुष्कळ फडांत कथा तेवढी ठरलेली असे, संवाद बोर्डावरच सुचत. वग संपेपर्यंत तांबडं फुटायचं.

आणि मग हजेरी. सकाळी उन्हात, पारासमोर, गावातल्या जाणत्यांपुढं फड पुन्हा गायचा. फर्माइशी व्हायच्या, बक्षिसं पुकारली जायची. बत्त्या विझलेल्या असल्यानं वडिलांना तेव्हाच मोकळं बसून ऐकायला मिळे. तोंड धुऊन, धुतलेली टोपी घालून ते पुढं बसत. रात्रीची मावशी आता पांढरे खुंट वाढलेला, डोळे लाल झालेला म्हातारा असे. तरी त्याचा आवाज उन्हातही तसाच खणखणीत. हजेरीत रंगाचा, उजेडाचा आधार नसतो. गळा असेल तरच माणूस टिकतो.

हजेरी संपली की फडातली माणसं पाण्याला निघत, आणि त्यांना वरून ओंजळीत पाणी ओतलं जाई. आमच्याही घरात त्यांच्यासाठी पेला वेगळा होता. ज्यांना रात्रभर डोक्यावर घेतलं, त्यांना सकाळी लांब उभं केलं. ती लाज मला आजही वाटते. तमाशा जगवला तो मुख्यतः महार, मांग आणि कोल्हाटी समाजानं. शाहीर पठ्ठे बापूराव मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. तमाशासाठी त्यांनी ब्राह्मण्याची सारी प्रतिष्ठा सोडली. त्यांच्या कवनांना ज्या पवळाबाईनं आवाज दिला, ती आमच्याच जिल्ह्यातली, संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावची. लावणीवर चालणाऱ्या संगीत बारीतल्या बायकांचं जिणं काय असतं, ते शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या नेरल्याच्या किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या पुस्तकात लिहिलं. ते 1994 साली आलं. आमच्या भागात कित्येकांनी ते वाचून मान खाली घातली.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर दिवस भरलेल्या असताना बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढं उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण 2002 साली त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस हलाखीतच गेले होते. संगमनेरला स्थायिक झालेल्या तमाशा कलावंत कांताबाई सातारकर 2021 साली गेल्या. सरकारनं आता विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार ठेवला आहे, आणि तो कांताबाईंनाही मिळाला होता.

चैत्र आला की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात अजून फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे लोक जाऊन जत्रेची सुपारी देतात. मोठ्या फडात शंभराच्या घरात माणसं, ट्रक, जनरेटर, रंगीत दिवे. पण गावं आता सिनेमाची गाणी मागतात. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आल्यानं रात्रभराचा वग आखडला. वगच आखडल्यावर पहाट कुठली आणि हजेरी तरी कुठली?

माझं मागणं थोडं आहे. तुमच्या जत्रेला फड आला तर गण सुरू व्हायच्या आधी जाऊन बसा. वग मागा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना थांबवून घ्या, दोन गाणी उन्हात ऐका.

वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या काही जत्रांत हजेरी झाली की ते स्वतः घरातून पितळी तांब्या आणायचे आणि मावशीचं सोंग घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात द्यायचे. तो तांब्या आमच्या रोजच्या वापरातला होता. आईनं काही म्हटलं नाही. घासून पुन्हा माठावर ठेवला, आणि संध्याकाळी आम्ही सगळे त्यातूनच पाणी प्यालो.