जिना एक की दोन?

बीड जिल्ह्यातील कडा येथील एखादे दुमजली घर डोळ्यांपुढे आणा. त्याला जिना एकच असतो, आणि तो पुरतोही. आग लागलीच, तर काही क्षणांत खाली उतरता येते. पण तेच घर सहा मजली असते तर?

जिना ही माणसांची वाट, तशीच धुराचीही! २७ अंश सेल्सिअसची हवा ३२७ अंशांपर्यंत तापली, की तिचे आकारमान दुप्पट होते. मग तेवढ्याच जागेतील हवेचे वजन निम्मे भरते आणि ती वर चढते. उघडा जिना अशा वेळी धुराडेच बनतो. लोक खाली येऊ पाहतात, आणि समोरून विषारी धूर वर येतो.

लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला एकच जिना होता. १४ जून २०१७ रोजी तेथे लागलेल्या आगीने ७२ बळी घेतले. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत तर १५ मीटर उंचीपासूनच इमारत 'उंच' धरतात.

मग एक जिना नेहमीच धोक्याचा का? तसे नाही. दोन जिने जोडायला मध्ये लांब बोळ लागतो. त्यामुळे पुष्कळ घरांना एकाच बाजूने वारा मिळतो. म्हणून अमेरिकेतील सिॲटल शहरात सहा मजल्यांपर्यंत एक जिना चालतो. मात्र मजल्यावर चारच घरे हवीत, आणि आग लागताच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणाही हवी.

जिना एक असो वा दोन, त्यात धूर शिरता कामा नये आणि वाट मोकळी हवी. तुमच्या जिन्यात सायकली, जुने सामान तर नाही ना? आजच पाहा बरे!