उभ्या मोटारीची अस्वस्थता

श्रीवर्धनमार्गे केळशीला निघालेल्या मोटारी बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी रांगेत उभ्या राहतात, तेव्हा सारे चढ-उतार निमूटपणे पार करून आलेल्या एखाद्या गाडीचे इंजिन एकाएकी अस्वस्थ होते. मीटरचा काटा हजाराच्या वर चढतो, क्षणात पाचशेपर्यंत घसरतो, स्टिअरिंग थरथरू लागते, आणि आता ही बंद पडणार असे वाटते न वाटते तोच पुन्हा सावरते. खाडी ओलांडून वेश्वीचा रस्ता लागला, की हीच गाडी अशी सुरळीत धावते, की मालकास आपल्याच मनाचा खेळ वाटावा. परंतु धावत्या गाडीत दडणारे व उभ्या गाडीत उघडे पडणारे असे काही दोष असतात, आणि त्यांचे मूळ बहुधा इंजिनाच्या श्वसनात असते.

बहुतेक पेट्रोल गाड्यांचे तापलेले इंजिन उभ्या स्थितीत मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. ॲक्सिलरेटरवर पाय नसल्याने थ्रॉटलची झडप त्या वेळी जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे इंजिनास लागणारी जेमतेम हवा अरुंद फटीतून ओढली जाते, आणि झडपेपलीकडे, फिटर ज्याला व्हॅक्यूम म्हणतात, ती ओढ फार तीव्र असते. इथेनॉल न मिसळलेल्या पेट्रोलच्या एका वजनी भागास हवेचे सुमारे १४.७ भाग, हे ज्वलनाचे प्रमाण. आता एखादी रबरी नळी तडकली असेल, तर तिच्यातून शिरणारी चोरटी हवा त्या अल्प पुरवठ्याच्या मानाने मोठी ठरते. झडप उघडून हवेचा लोट आत येऊ लागला, की तीच हिशेबातही येत नाही. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर आहे, तिथे ही हवा मोजल्यावाचून आत जाते व मिश्रण विरळ होते. जिथे आतल्या दाबावरून हवेचा अदमास घेतला जातो, तिथे फेरे वाढतात, गाडीतील संगणक ते आवरू पाहतो, आवरताना नको तितके उतरवतो आणि घाबऱ्याघाबऱ्या पुन्हा वाढवतो. काट्याचे हेलकावे ते हेच.

केळशीसारख्या ठिकाणी या सर्वसाधारण कारणांस आणखी एकाची जोड मिळते. भारजा नदीचे मुख, वाळूची ती प्रसिद्ध टेकडी आणि समोर अथांग समुद्र असा जिथे शेजार आहे, तिथे खारी हवा लोखंडाइतकीच तांब्याच्या व शिशाच्या वाटेसही जाते. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचतो, इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी कुजते, आणि वीजपुरवठा डळमळला की सेन्सरांची साक्षही खोटी ठरू लागते. त्यातून चाकरमान्याची गाडी गणपतीनंतर पडवीत उभी करून ठेवलेली आणि एकदम शिमग्याला किंवा चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवाला बाहेर काढलेली असली, तर जुन्या पेट्रोलचा चिकटा इंजेक्टरमध्ये बसलेला असतो, पेट्रोलमधील इथेनॉलने पावसाळ्यातील दमट हवेतून ओलावा ओढलेला असतो, आणि उंदरांनी वायरींचा परामर्श घेतलेला असतो तो वेगळाच.

तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रत्यक्षात पुष्कळदा तो उलटा चालतो, आणि नवे सेन्सर घालून झाल्यावर चार रुपयांची क्लिप निसटलेली सापडते. प्रथम बॅटरी पाहावी: इंजिन बंद करून काही तास लोटल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट व इंजिन चालू असता साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले पाहिजेत. मग टोके घासून, अर्थिंग आवळून, हवेच्या नळ्या बोटांनी चाचपाव्यात आणि ‘सूऽऽ’ असा बारीक आवाज येतो का ते ऐकावे. संशयित सांध्यावर थोडे पाणी शिंपडताच इंजिनाचा सूर बदलला, तर गळती तिथेच समजावी. काही जुने फिटर यासाठी पेट्रोल उडवतात, तो प्रकार मात्र सरळ आगीला आमंत्रण होय. चालू इंजिनाची ही तपासणी बंद गॅरेजमध्येही करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखू येत नाही.

नळ्या निर्दोष निघाल्या, तर थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला बसलेली काळी काजळी साफ करून घ्यावी. पुष्कळ गाड्यांचे दुखणे एवढ्यानेच जाते. इंजिन ठराविक तालात ठेचकाळत असेल, म्हणजे बोलीत ‘मिसिंग’ करीत असेल, तर प्लग व कॉइल यांच्याकडे वळावे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून पाहण्याची युक्ती मला कोणत्याही यंत्राहून अधिक पसंत आहे: दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी, जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा खुद्द सिलिंडर. स्कॅनर उपयोगी आहे यात शंका नाही. पण तो सांगतो ते लक्षण, आणि त्याने उच्चारलेल्या सेन्सरचे नाव ऐकताच तो बदलून टाकणे हा शुद्ध अपव्यय होय. फेरे स्थिर आहेत, तरीही गाडी थरथरते, अशी कैफियत असेल तर इंजिनाखालची रबरी माउंटिंग पाहावीत.

एका जुन्या उपायाबद्दल मात्र स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती ८०० काय किंवा त्याआधीची पद्मिनी काय, या गाड्यांना कार्बोरेटर होता, त्यावर स्क्रू होता, आणि तो पिळून ‘स्लो’ वाढवून देणे हा प्रत्येक नाक्यावरचा धंदा होता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तो अंमल संगणकाकडे गेला आहे. तिथे थ्रॉटलचा कारखान्यात बसवलेला स्क्रू फिरवून फेरे चढवणारा माणूस दोष दुरुस्त करीत नाही, लपवतो, आणि वर पेट्रोलचा खर्च वाढवून ठेवतो. तशी तजवीज कोणी सुचवली तर नकार द्यावा. थ्रॉटल साफ केल्यावर किंवा बॅटरी काढून जोडल्यावर काही गाड्यांचे फेरे थोडा वेळ वर-खाली होतात, कारण संगणकास आपले अंदाज नव्याने बसवावे लागतात. तेव्हा त्याच संध्याकाळी फिटरशी भांडावयास न जाता गाडी आंजर्ल्यापर्यंत एकदा नेऊन आणावी, आणि हेलकावे त्यानंतरही टिकले तरच तिला पुन्हा त्याच्या दारात उभी करावी.