घरच्या सर्व्हरचा ताप

वसंत सरतो न सरतो तोच उदगीरचा उन्हाळा माणसांस हैराण करू लागतो. ज्या यंत्राविषयी येथे बोलावयाचे आहे, त्याचे दुखणेही याच दिवसांत डोके वर काढते. कुटुंबाची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब, जुन्या कागदपत्रांच्या प्रती हे सर्व साठवून जो संगणक रात्रंदिवस चालू ठेवतात, तो घरचा सर्व्हर. यंत्र बिघडले तर नवे आणता येते. त्यात राहिलेले आजोबांचे एकुलते छायाचित्र कोणत्याही बाजारात मिळत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा हवा थंड करीत नाही. आपल्याला पंख्याखाली गार वाटते ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून; माठातले पाणी निवते तेही पाझरलेले पाणी वाळते म्हणून. यंत्राला घाम येत नाही. त्याचा पंखा तापलेली हवा बाहेर लोटतो आणि खोलीतली हवा आत घेतो, एवढेच. तेव्हा यंत्राचे भाग खोलीपेक्षा थंड होणे शक्य नाही. खोलीत २५ अंश असता जी हार्ड डिस्क ३८ अंशांवर राहते, ती खोली ४० अंशांवर गेली आणि पंख्याचा वेग तोच राहिला, तर ५३ अंशांच्या आसपास पोहोचते. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते, हे ध्यानात घ्यावे.

उष्णतेची ही कटकट नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्यातील सुमारे २७०० निर्वात नळ्या दिव्यांसारख्या तापत. आज नळ्या गेल्या, पण उष्णता नखाएवढ्या जागेत एकवटली.

आता वेगाचे नियंत्रण पाहू. चांगल्या पंख्याला चार तारा असतात. दोन वीज पुरवितात. तिसरी प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके देऊन वेग कळविते. चौथीवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद असा इशारा येतो. त्यात चालूचा वाटा जितका मोठा, तितका वेग अधिक. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण वीज सुमारे एक अष्टमांशच लागते. आवाजही पुष्कळ कमी होतो.

तक्रारी बहुधा तीन प्रकारच्या आढळतात.

पहिली, पंखा सदैव पूर्ण वेगाने ओरडतो. तो तीन तारांचा असेल, तर चौथ्या तारेचा हुकूम त्याला पोहोचतच नाही. मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये व्होल्ट कमी करून वेग उतरविण्याची पद्धत निवडावी.

दुसरी, पंखा थोड्या थोड्या वेळाने गर्जतो आणि पुन्हा शांत होतो. सर्व्हरच्या काही मदरबोर्डांवर देखरेखीची स्वतंत्र चिप असते. हळू फिरणारा पंखा बसविला की वेग ठरलेल्या किमान आकड्याखाली जातो, चिप तो बंद पडला असे समजते आणि सर्व पंखे जोरात सोडते. वेग वाढताच तिचे समाधान होते, व पुन्हा तेच चक्र. हा किमान आकडा त्या पंख्याला साजेल इतका खाली आणावा.

तिसरी तक्रार मुकी, म्हणून घातक. पंखा शांत, प्रोसेसर निवांत, आणि डिस्क मात्र तापलेल्या. पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेला असतो, आणि घरच्या सर्व्हरचा प्रोसेसर बहुतांशी रिकामा बसतो. येथे वेग डिस्कच्या तापमानाशी जोडावा. ते जमत नसल्यास किमान वेग वाढवावा.

दोष कोठे आहे हे ओळखण्यास आम्ही एक सोपी रीत सुचवितो. काम सारखेच चालू असता, पहाटे आणि दुपारी डिस्कचे व खोलीचे तापमान लिहून वजाबाकी करावी. फरक तेवढाच राहिला, तर दोष खोलीचा. यंत्र बंद कपाटातून बाहेर काढावे, त्याच्या मागे मोकळी जागा ठेवावी. तोच फरक महिन्यामागून महिना वाढत गेला, तर धूळ साचली किंवा पंखा थकला असे समजावे. धूळ काढताना वीज तोडावी व पाती बोटाने धरावीत. कूलरचा ओला झोत यंत्रावर सोडू नये.

इतके करूनही डिस्क एखादे दिवशी जाणारच. म्हणून मोलाच्या गोष्टींची दुसरी प्रत, शक्यतो लातूरला किंवा नांदेडला राहणाऱ्या नातलगाकडे, आजच ठेवावी.