तुटल्यावर जुळणारी साखळी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठीच्या चुका आधीच माफ करा. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण पप्पांसमोर माझी फजिती झाली.

मागच्या सुट्टीत शहाद्याजवळच्या आमच्या शेतात ते पपईच्या ठिबकची नळी जोडत होते. उंदीर कुरतडतात, दरवर्षीचं रडगाणं. मी सेमिनारच्या तयारीत. ऐटीत म्हटलं, "पप्पा, आता आपोआप जुळणारं प्लॅस्टिक निघालंय." ते म्हणाले, "कसं जुळतं?" आणि आमची गाडी तिथेच बंद!

तर आधी इस्त्री आठवा. कापसाच्या धाग्यात सेल्युलोजच्या लांब साखळ्या असतात आणि त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजन-नायट्रोजनकडे ओढला जातो, तोच हा बंध. पाणी शिंपडलं की हे बंध सैल होतात. इस्त्रीने कापड वाळतं आणि बंध सपाट अवस्थेत नव्याने जुळतात. (व्हायव्हाच्या दिवशीच इस्त्री का सापडत नाही, हे मात्र सायन्सला सुटलेलं नाही.)

ठिबकची नळी पॉलिइथिलीनची. तिच्या साखळीत कडी कडीला जणू वेल्डिंग केलेली असते. तुटली की तुटली. वेल्डिंगऐवजी हायड्रोजन बंध वापरले तर? एकटा बंध फार कच्चा. म्हणून १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या सायबेस्मा, मायर आणि सहकाऱ्यांनी रेणूच्या दोन्ही टोकांना असे गट बसवले, की दोन गट समोरासमोर आले की एकदम चार बंध जुळतात. झालं, छोटे रेणू हातात हात घालून आपले आपण लांब साखळी करतात! गरम करा, हात सुटतात. थंड करा, पुन्हा धरतात. गंमत म्हणजे एकच हात असलेले रेणू थोडेसे जरी मिसळले, तरी साखळी आखूड होते, कारण त्यांच्या पुढे धरायला कुणीच नसतं.

पुढे २००८ मध्ये पॅरिसमध्ये लायब्लर यांच्या गटाने वनस्पती तेलातल्या फॅटी ॲसिडपासून रबर बनवलं. कापून दोन तुकडे लगेच एकमेकांना टेकवले, तर ते साध्या तापमानालाच जुळतं. उशीर केला तर जोड कच्चा राहतो, कारण कापलेल्या जागेचे मोकळे हात तोपर्यंत आपापसातच गुंततात.

हे सगळं मी पुढच्या रविवारी पप्पांना इस्त्रीपासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अरे, पण पाण्याने बंध सैल होतात म्हणालास ना? मग ठिबकला कसं चालेल?"

अगदी बरोबर! पाण्याचा रेणू स्वतःच हायड्रोजन बंध करतो, त्यामुळे तो मध्ये घुसून हात सोडवतो. म्हणून संशोधक या गटांभोवती तेलकट भाग ठेवतात, पाण्याला आत शिरू न देणारा. तसं केलं तर पाण्यातही बंध टिकतात, पण अशा मालाची नळी आमच्या बजेटमध्ये कुठली बसायला?

पप्पांनी खिशातून जॉइनर काढला, नळीत दाबला आणि मला व्हॉल्व्ह सोडायला पाठवलं.